साक्ष, अक्षर आणि मौन : फलटण, जत आणि ‘तेस्तिमोनिओ’ची संकल्पना

१

शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांचा दलित स्त्रियांच्या मराठी आत्मकथनांवरील इंग्रजी ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या उपशीर्षकात ‘ऑटोबायोग्राफी’ हा रूढ शब्द बाजूला ठेवून ‘तेस्तिमोनिओ’ हा स्पॅनिश शब्द योजलेला आहे. हा केवळ पारिभाषिक नावीन्याचा प्रश्न नव्हता. ‘आत्मचरित्र’ आणि ‘आत्मकथन’ यांत भेद करण्याची गरज मराठी समीक्षेला दया पवार यांच्या ‘बलुतं’नंतर (१९७८) भासू लागली होती आणि ‘आत्मकथन’, ‘स्वकथन’ या संज्ञा दलित लेखनाच्या संदर्भात रुळल्याही होत्या. पण या संज्ञांतील ‘आत्म’ आणि ‘स्व’ ही पदे व्यक्तीकडेच बोट दाखवीत होती. रेगे यांना अभिप्रेत होती ती अशी लेखनकृती, की जिच्यातील ‘मी’ समूहाच्या वतीने बोलतो आणि ज्याचे बोलणे हे वाचकापुढे ठेवलेली साक्ष ठरते. अशा लेखनाची सैद्धांतिक चर्चा लॅटिन अमेरिकेत तीन-चार दशके चाललेली होती. तेथून ही संज्ञा मराठी आत्मकथनांच्या अभ्यासात आली.

संज्ञा एका भूगोलातून दुसऱ्या भूगोलात येते तेव्हा ती तेथील संहितांवर प्रकाश टाकते. परंतु त्या संहितांच्या संपर्कात तिची स्वतःची गृहीतकेही उघडी पडतात. या व्यवहाराची पहिली बाजू मराठीत पुष्कळ चर्चिली गेली, दुसरी मात्र दुर्लक्षित राहिली. रेगे यांनी अभ्यासलेल्या आत्मकथनांपैकी दोन आत्मकथनांच्या लेखिकांचा कर्मप्रदेश सातारा आणि सांगली हे दोन शेजारी जिल्हे आहेत. बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांचे ‘जिणं आमुचं’ फलटणमध्ये लिहिले गेले. शांताबाई कृष्णाजी कांबळे (१९२३–२०२३) यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’मागे शिक्षिका म्हणून आणि सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून केलेल्या नोकरीचे आयुष्य आहे. दोन्ही पुस्तके १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आली. स्पॅनिशभाषक जगातील स्त्रीवादी विचाराशी त्यांचा संबंध लावताना केवळ त्या विचाराचे ‘उपयोजन’ करून थांबणे अपुरे ठरते. ही पुस्तके त्या विचाराला कोणते प्रश्न विचारतात, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

२

‘तेस्तिमोनिओ’ या शब्दाचा सरळ अर्थ ‘साक्ष’ असा आहे. साहित्यप्रकार म्हणून त्याची घडण क्यूबातील क्रांतीनंतरच्या काळात झाली. मिगेल बार्नेत या तरुण अभ्यासकाने एस्तेबान मोन्तेखो या शंभरी ओलांडलेल्या, एके काळी गुलामीतून पळून गेलेल्या वृद्धाशी केलेल्या संभाषणांतून १९६६ मध्ये एक पुस्तक सिद्ध केले. हवानातील ‘कासा दे लास आमेरिकास’ या संस्थेने १९७० मध्ये आपल्या वार्षिक पुरस्कारांत ‘तेस्तिमोनिओ’ हा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि या प्रकाराला संस्थात्मक मान्यता मिळाली. दरम्यान १९६९ मध्ये मेक्सिकोतील एलेना पोनियातोव्स्का यांनी एका कष्टकरी स्त्रीच्या बोलण्यावर आधारलेली कादंबरी लिहिली होती.

स्त्रीवादी विचाराच्या दृष्टीने निर्णायक ठरलेल्या कृती दोन. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानिमित्त मेक्सिको शहरात संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली आणि तिला समांतर असे स्वयंसेवी संघटनांचे व्यासपीठही तेथे उभे राहिले. बोलिव्हियातील कथिलाच्या खाणवस्तीतील गृहिणी समितीच्या नेत्या दोमितिला बार्रिओस दे चुंगारा (१९३७–२०१२) त्या व्यासपीठावर आल्या होत्या. सुस्थित वर्गातील प्रतिनिधींनी मांडलेल्या स्त्रीप्रश्नात खाणकामगारांच्या बायकांचे जगणे कोठे बसते, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. ब्राझीलच्या मोएमा व्हिएझेर यांनी त्यांचे बोलणे शब्दांकित केले आणि त्यातून आलेले पुस्तक जगभर वाचले गेले. दुसरी कृती ग्वातेमालातील किचे समाजाच्या रिगोबेर्ता मेन्चू यांची. १९८२ च्या आरंभी पॅरिसमध्ये एलिझाबेथ बुर्गोस या मानववंश-अभ्यासिकेने त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि १९८३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. ही कहाणी आपली एकटीची नसून आपल्या साऱ्या समाजाची आहे, ही मेन्चू यांची भूमिका पुढे या प्रकाराची जणू व्याख्याच बनली.

जॉन बेव्हर्ली यांनी १९८९ मध्ये केलेली या प्रकाराची मांडणी बहुचर्चित आहे. तिचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल : निवेदक हा घटनांचा प्रत्यक्ष साक्षीदार असतो, त्याचा ‘मी’ समूहाचा प्रतिनिधी असतो, कथनामागे दडपशाही, दारिद्र्य, संघर्ष यांची तातडी असते, आणि निवेदक बहुधा निरक्षर किंवा व्यावसायिक लेखक नसलेला असल्याने त्याचे बोलणे कोणी मध्यस्थ लिहून घेतो. यांपैकी पहिली तीन लक्षणे फलटण आणि जत येथील लेखिकांना सहज लागू पडतात. चौथे लक्षण मात्र लागू पडत नाही. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या भेदात एक मोठा ऐतिहासिक फरक सामावलेला आहे.

३

कृष्णाकाठच्या या प्रदेशाला स्त्रियांच्या आत्मपर लेखनाचा इतिहास आहे. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ (१९१०) लिहिणाऱ्या रमाबाई रानडे यांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथला. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ मध्ये सातारा जिल्ह्यातील नायगावचा. ‘स्त्री’ हे मासिक १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून निघाले; ते गाव तेव्हा औंध संस्थानात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. पुढे ‘स्त्री’चा संसार पुण्यास हलला आणि याच मासिकातून १९८२ मध्ये ‘जिणं आमुचं’ क्रमशः प्रसिद्ध झाले. एकाच मुलुखातील या नावांतून दोन भिन्न परंपरा स्पष्ट होतात.

रमाबाईंच्या आठवणींत लिहिण्या-वाचण्याची ओढ आहे, घरातील स्त्रियांचा विरोध आहे आणि त्या विरोधातून मार्ग काढण्याची चिकाटीही आहे. परंतु त्यांच्या शिक्षणाचा कर्ता पती आहे आणि पुस्तकाचा केंद्रबिंदूही पतीच आहे. सुधारणेच्या युगातील उच्चवर्णीय स्त्रीचे अक्षर कुटुंबाच्या आत, पुरुषाच्या संमतीने उमलते. सावित्रीबाईंशी निगडित असलेली परंपरा वेगळी आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. लिहिणारी मुलगी चौदा वर्षांची होती. तिने स्वतःच्या दुःखाची कहाणी सांगितली नाही. आपल्या जातीच्या वतीने धर्मसत्तेला प्रश्न विचारले. समूहाच्या वतीने बोलणारा ‘मी’ मराठीत अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अवतरला, आणि तो लिहिणारा ‘मी’ होता. त्याला शब्दांकन करणाऱ्या मध्यस्थाची गरज पडली नाही.

बेबी कांबळे यांचे लेखन या दुसऱ्या परंपरेतील आहे. त्यांचा जन्म पुरंदर तालुक्यातील वीरगाव येथे आजोळी झाला. आजोबा गोऱ्या साहेबांकडे बटलर होते, त्यामुळे बालपण महारवाड्यातील इतरांच्या तुलनेने बरे गेले. शिक्षण चौथीपर्यंत, विवाह तेराव्या वर्षी. फलटणमध्ये त्या आणि त्यांचे पती छोटे दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील वर्तमानपत्रे वाचता वाचता त्यांचे सुटलेले वाचन पुन्हा जुळले. दुकानात बसून त्या वह्या लिहीत आणि घरच्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून लपवून ठेवीत. हा क्रम जवळजवळ वीस वर्षे चालला. फलटणमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकी वंशाच्या भाषाअभ्यासक आणि शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांना या लेखनाचा सुगावा लागला आणि त्यांच्या आग्रहामुळे ते छापले गेले.

येथे मध्यस्थ आहे हे खरे. परंतु त्याचे स्थान बदललेले आहे. बुर्गोस आणि व्हिएझेर या बोलणे आणि संहिता यांच्या मधोमध उभ्या आहेत. प्रश्नांची निवड, प्रसंगांचा क्रम, प्रकरणांची विभागणी यांवर त्यांचा हात फिरलेला आहे. बर्नसन यांची भूमिका संहिता पूर्ण झाल्यानंतर सुरू होते. वही आधीच लिहिलेली आहे. प्रश्न आहे तो ती छापखान्यापर्यंत नेण्याचा.

शांताबाईंच्या बाबतीत अक्षराचे महत्त्व आणखी उघड आहे. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात महुद येथे जन्मलेली ही मुलगी १९४२ मध्ये शाळेत शिक्षिका झाली, पुढे पुण्यास अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन आली आणि जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून तिने काम केले. जत हा पूर्वी डफळ्यांच्या संस्थानाचा, कायम दुष्काळी मुलूख. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील स्त्री गावोगावच्या शाळा तपासते, ही त्या मुलखातील नव्या काळाची खूण होती. ‘चित्तरकथे’ची बोली महारवाड्यातली असली तरी ती कागदावर उतरविणारी व्यक्ती आयुष्यभर खडू-फळ्याशी संबंधित होती. पुस्तकातील नाजाचे आयुष्य १९९० मध्ये ‘नाजुका’ या मालिकेच्या रूपाने मुंबई दूरदर्शनवर आले, तेव्हा महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत या साक्षीचा प्रवेश झाला.

लॅटिन अमेरिकी चर्चेत निवेदिकेच्या निरक्षरतेला नकळत प्रामाण्याचा दर्जा मिळाला होता. अक्षरशत्रू स्त्रीचे बोलणे ‘अस्सल’, आणि शिकलेल्या स्त्रीचे बोलणे मध्यस्थाने रंगविलेले, असे काहीसे समीकरण त्यामागे होते. डेव्हिड स्टॉल यांनी १९९९ मध्ये मेन्चू यांच्या कथनातील अनेक तपशिलांवर आक्षेप घेतले. आपण शाळेत गेलो नाही असे सांगणाऱ्या मेन्चू प्रत्यक्षात जोगिणींच्या शाळांत काही काळ शिकल्या होत्या, हा त्यांतील एक आक्षेप. त्यावरून गदारोळ माजला. शाळेत गेल्याने साक्ष खोटी कशी ठरते, हा प्रश्न मात्र त्या मानाने कमी विचारला गेला. फलटण-जतच्या पुस्तकांनी हा प्रश्न आधीच निकालात काढला होता. आंबेडकरी चळवळीने शिक्षणाला मुक्तीचे साधन मानले. त्यामुळे या लेखिकांच्या लेखी शाळा ही ‘अस्सलपणा’ला लागलेला डाग नव्हती, तर साक्षीचा विषयच होती. बेबीताईंनी फलटणच्या मुलींच्या शाळेत अस्पृश्य मुलींना वेगळे बसविले जाई आणि सवर्ण मुलींशी त्यांचे झगडे होत, ते वर्णन केले आहे. जेजुरीला बाबासाहेबांनी केलेल्या भाषणातील मुलांना शिकविण्याचे आवाहन त्या पुस्तकात वळणाच्या जागी येते. लिहिता येणे हीच येथे साक्ष देण्याची पूर्वअट आणि साक्षीचा पहिला पुरावाही आहे.

मराठीत मौखिक साक्षीचा प्रकार अजिबात झाला नाही असे नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन सिद्ध केलेला ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हा ग्रंथ लॅटिन अमेरिकी नमुन्याच्या अधिक जवळ जातो. परंतु तेथेही मुलाखत घेणाऱ्या आणि देणाऱ्या एकाच चळवळीच्या वारसदार आहेत. खाणवस्ती आणि विद्यापीठ, डोंगरातील गाव आणि पॅरिस यांच्यातील अंतर तेथे नाही. साक्षीच्या प्रकारातील सत्तासंबंध किती बदलू शकतात याचे हे दुसरे उदाहरण होय.

४

दुसरा प्रश्न मौनाचा. ‘जिणं आमुचं’मधील ‘आम्ही’ हे सर्वनाम सर्वांनीच लक्षात घेतलेले आहे. गावकीची कामे, उष्टे मागणे, आषाढातील देवकार्ये, अंगात येणे, बाळंतपणातील मृत्यू, कोवळ्या सुनांचे हाल हे सारे ‘आमचे’ म्हणून सांगितले जाते. सासरहून पळून गेलेल्या सुनेच्या पायात खोडा अडकविणे, संशयावरून बायकोचे नाक कापणे यांसारख्या महारवाड्यातील क्रौर्याचे वर्णन करताना लेखणी कचरत नाही. मात्र बेबीताईंचा स्वतःचा संसार या पुस्तकात फारच थोडा आहे. माया पंडित यांनी २००८ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत त्यांनी पतीचा संशयी स्वभाव आणि मारहाण यांविषयी सांगितले. ते दुःख सगळ्याच बायकांच्या वाट्याला येत होते, आणि पुस्तक समाजाच्या दुःखाचे होते, अशा आशयाचा त्यांचा खुलासा आहे.

या मौनाचे दोन अर्थ लावले जातात. पहिल्या अर्थानुसार ही समूहनिष्ठेने लादलेली स्वतःवरची बंधने होत. जातीच्या लढ्यात स्त्रीचे खासगी दुःख गिळले गेले. दुसऱ्यानुसार हा वैयक्तिकाच्या पलीकडे जाणाऱ्या आंबेडकरी जाणिवेचा विजय होय. दोन्ही अर्थांत तथ्य आहे, पण दोन्ही मौनाला अभाव समजतात; न लिहिलेले म्हणजे न जाणलेले किंवा दुय्यम ठरविलेले, असे धरून चालतात.

या ठिकाणी स्पॅनिश परंपरेतील एक जुनी संहिता आणि तिच्यावरचे आधुनिक भाष्य उपयोगी पडते. मेक्सिकोतील जोगीण आणि कवयित्री सोर हुआना इनेस दे ला क्रूझ यांनी मार्च १६९१ मध्ये, जोगिणीचे नाव धारण करून आपल्याला उपदेश करणाऱ्या बिशपला एक उत्तर लिहिले. ते स्त्रीच्या ज्ञानाधिकाराचे अमेरिका खंडातील आरंभीचे समर्थन मानले जाते. वाचनाला बंदी झाली तेव्हाही भोवतालच्या वस्तूंचे निरीक्षण थांबले नाही, आणि चुलीपुढेही निसर्गाचे नियम उमगतात, असा युक्तिवाद त्यात आहे. आर्जेन्टिनाच्या समीक्षक होसेफिना लुद्मेर (१९३९–२०१६) यांनी या पत्रावर १९८० च्या दशकात लिहिलेला निबंध ‘दुर्बलांचे डाव’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. जाणणे आणि म्हणणे या दोन क्रिया सोर हुआना हेतुपुरस्सर एकमेकींपासून अलग करतात, असे लुद्मेर दाखवितात. जे ठाऊक आहे ते म्हणायचे नाही. ठाऊक नाही असे म्हणायचे. आणि काय म्हणायचे नाही याचेही ज्ञान बाळगायचे. सत्तेने नेमून दिलेली जागा वरकरणी स्वीकारायची, पण त्या जागेचा अर्थ आतून बदलून टाकायचा, हा तो डाव होय.

मेक्सिकोतील मठ आणि फलटणचे दुकान यांत शतकांचे आणि व्यवस्थांचे अंतर आहे. ते पुसण्याचे कारण नाही. सोर हुआना ग्रंथसंग्रह बाळगणाऱ्या, व्हाइसरॉयच्या दरबारात मान्यता पावलेल्या विदुषी होत्या. तरीही ज्ञानव्यवहाराची रचना दोन्हीकडे ताडून पाहण्यासारखी आहे. रद्दीच्या कागदावर वाचन आणि गल्ल्यामागे लेखन, ही नेमून दिलेल्या जागेतच उभारलेली अभ्यासिका होती. वीस वर्षे लपविलेली वही म्हणजे ‘जाणते, पण म्हणत नाही’ या अवस्थेचा दीर्घ काळ. त्या वहीत स्वतःच्या मारहाणीचा पाढा नाही, पण शेजारणीच्या पायातला खोडा आहे. जे स्वतःविषयी लिहिले असते तर ‘घरची भांडणे’ म्हणून मोडीत निघाले असते, ते समूहाच्या रीतीचे वर्णन म्हणून आले की व्यवस्थेवरचा आरोप होते. वैयक्तिक दुःख गिळले गेले असे म्हणण्याऐवजी ते स्थलांतरित झाले असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

मेन्चू यांच्या पुस्तकाच्या शेवटी आपण काही गोष्टी अजूनही गुप्त राखल्या आहेत असे विधान येते. डोरिस सोमर यांनी या गुपिताचा अर्थ वाचकाला दिलेली मर्यादेची जाणीव असा लावला : सहानुभूती बाळगणाऱ्या परक्याने सर्व काही आपल्याला कळले असे समजू नये. बेबीताईंच्या मौनाचा रोख मात्र परक्यांकडे नाही. त्यांनी समाजाची गुपिते उघड केली आणि राखले ते घराचे. मेन्चू बाहेरच्यांपासून आतले वाचवितात. बेबीताई आतल्यांसमोर आतलेच मांडतात. पुस्तकाच्या उत्तरार्धात शिकून पुढे गेलेल्या आणि समाजाकडे पाठ फिरविलेल्या दलितांवर त्यांनी केलेली टीका हेच सांगते. साक्ष कोणापुढे दिली जाते, हा प्रश्न ‘तेस्तिमोनिओ’च्या सिद्धांताने बहुधा बाहेरच्या वाचकाला समोर ठेवून सोडविला. मराठी वाचनव्यवहारात साक्षीचा न्यायाधीश आपल्याच वस्तीत बसलेला असू शकतो.

शांताबाईंनी मात्र ‘घर’ झाकले नाही. शिक्षक असलेल्या पतीने दुसरी बायको केली, तेव्हा नाजा घर सोडून निघते. नोकरी आणि माहेर यांच्या आधारावर उभी राहते. हा प्रसंग आत्मकथनात येतो आणि त्याला अतिशयोक्त करुणेचा स्पर्श नाही. एकाच वर्षी ग्रंथरूप झालेल्या या दोन पुस्तकांतील हा फरक पाहता ‘दलित स्त्रीचे मौन’ अशी सरसकट कोटी करता येत नाही. पगाराची नोकरी असलेली शिक्षिका आणि पतीसह दुकान चालविणारी गृहिणी यांच्या ‘म्हणण्या’च्या शक्यता वेगळ्या होत्या. मौनाचाही भौतिक पाया असतो.

५

तिसरा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अधिक जवळचा आहे. आर्जेन्टिनात जन्मलेल्या मारिया लुगोनेस (१९४४–२०२०) यांनी २००७ मध्ये ‘वसाहतिक-आधुनिक लिंगव्यवस्थे’ची मांडणी केली. पेरूचे अनिबाल किहानो यांनी वंश ही वसाहतवादाने घडविलेली कोटी असल्याचे प्रतिपादन केले होते. लुगोनेस यांनी ते सूत्र लिंगभावापर्यंत नेले : आज परिचित असलेली स्त्री-पुरुष विभागणी वसाहतवादाने मूलवासी समाजांवर लादली. या मांडणीला लॅटिन अमेरिकेतच आक्षेप आले. रीता सेगातो यांच्या मते वसाहतपूर्व समाजांतही पितृसत्ता होती, पण तिची तीव्रता कमी होती. बोलिव्हियातील आयमारा विचारवंत हुलिएता परेदेस यांनी दोन पितृसत्तांच्या ‘सांध्या’ची कल्पना मांडली : आधीची आणि आलेली अशा दोन व्यवस्था एकमेकींत मिसळून गेल्या आणि मूलवासी स्त्री त्या सांध्यात अडकली.

महाराष्ट्रातील अनुभव या वादात कोणती भर घालतो? लुगोनेस यांचे सूत्र फलटण-जतच्या संहितांना लावू गेल्यास ते अडते. येथे स्त्रीवरील नियंत्रणाचा मुख्य आधार वसाहतपूर्व आहे आणि तो जात आहे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेब आंबेडकरांनी जातीचा प्राण सजातीय विवाहबंधनात आहे आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा ते बंधन राखण्याची साधने आहेत असे दाखविले. स्त्रीच्या देहावरील नियमन जातिव्यवस्थेचे कारणरूप अंग आहे, हा त्याचा निष्कर्ष. बाबासाहेबांच्या बालपणाची काही वर्षे साताऱ्यात गेली आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तेथील सरकारी शाळेत दाखल झाले, हा योगायोग असला तरी त्याच मुलखातील दोन स्त्रियांनी पुढे त्या सिद्धांताला अनुभवाचे अंग दिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पायातला खोडा गोऱ्यांनी आणला नव्हता. उलट साहेबाची नोकरी, पलटण, सरकारी शाळा यांतून सुटकेच्या वाटा फुटल्या, असे या लेखनातून दिसते. म्हणून वसाहतपूर्व समाजाविषयीची हळहळ येथे उमटणे शक्य नव्हते. परेदेस यांची ‘सांध्या’ची कल्पना त्या मानाने जवळची वाटते, परंतु तिच्यातील दोन पितृसत्ता मूलवासी आणि परकी अशा आहेत. महारवाड्यातील सुनेच्या वाट्याला आलेला सांधा उच्चजातीय पितृसत्ता आणि खुद्द वस्तीतील पितृसत्ता यांच्यातील होता. गावाने माणूसपण नाकारलेला पुरुष घरात सुनेचा आणि बायकोचा मालक होतो, ही साखळी बेबीताईंनी कोणतीही परिभाषा न वापरता दाखविली. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळे का बोलतात याची कारणे मांडताना बाहेरचे आणि आतले असे दोन घटक सांगितले आणि रेगे यांनी १९९८ मध्ये त्यावरून दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची रूपरेषा आखली. या मांडणीचे द्रव्य ‘जिणं आमुचं’ने दशकभर आधी पुरविलेले होते.

६

या विवेचनातून पुढे येणारे सूत्र असे. ‘तेस्तिमोनिओ’ या संज्ञेने मराठी दलित स्त्रियांच्या लेखनाला ‘आठवणीं’च्या चौकटीतून बाहेर काढले, त्याला राजकीय साक्षीचा दर्जा दिला आणि जगातील अन्य लढाऊ कथनांच्या पंक्तीत बसविले. हे ऋण मान्य करावे लागते. परंतु फलटण आणि जत येथील संहितांनी या संज्ञेतील तीन गृहीतकांना धक्का दिला आहे : साक्ष देणारी स्त्री बोलते आणि लिहितो तो दुसराच, साक्ष परक्या वाचकासाठी असते, आणि समूहाच्या वतीने बोलणारा समूहाच्या आतल्या अन्यायाविषयी संकोच बाळगतो. येथे स्त्रिया स्वहस्ते लिहितात, आपल्याच माणसांना उद्देशून लिहितात आणि वस्तीतील अन्यायाचा हिशेब मागतात.

या फरकामागे लेखिकांच्या व्यक्तिगत प्रतिभेइतकाच एका प्रदेशातील शिक्षणाचा आणि चळवळीचा इतिहास उभा आहे. तो बाजूला ठेवून ही पुस्तके वाचली तर ‘तिसऱ्या जगातील स्त्रीचा आवाज’ असे एक गुळगुळीत लेबल तेवढे हाती लागते, आणि मग बोलिव्हियाची खाण, ग्वातेमालाचा डोंगर आणि फलटणचे दुकान यांत फरक उरत नाही. स्पॅनिशभाषक जगातील स्त्रीवादी विचाराचे मोल हे की त्याने आपल्या संकल्पना स्वतःच्या इतिहासातून घडविल्या. त्या विचारापासून घेण्यासारखे आहे ते हेच. मराठीत अजूनही अशा आत्मकथनांना साहित्याच्या वर्गात ‘आशय’ म्हणून आणि समाजशास्त्राच्या वर्गात ‘सामग्री’ म्हणून वाचण्याची सवय आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ती क्वचितच पोहोचतात. ज्ञान आणि कथन यांचा संबंध, साक्षीचे प्रामाण्य, मौनातील जाणीव हे तर ज्ञानमीमांसेचे प्रश्न आहेत. सोर हुआनांचे पत्र तत्त्वज्ञानाची संहिता म्हणून वाचले जात असेल, तर गल्ल्यामागे लिहिलेली वही त्याच आदराने आणि त्याच कठोरपणे वाचली गेली पाहिजे.